बायको टीव्हीत गेली तेव्हा

कार्यक्रम संपवून परत येताना आमच्या गाडीत सगळ्यात आधी झोपायची ती माझी बायको. आमच्या गायन पार्टीची मुख्य गायिका ती, पण पुढची सीट तिनं कधी मागितली नाही. मागे स्पीकरच्या पेट्यांच्या मधे गोधडी अंथरलेली असायची. गळ्याभोवती ओढणी गुंडाळून ती तिथं आडवी व्हायची आणि गाडी गावाबाहेर पडायच्या आत तिला झोप लागलेली असायची. मी तिच्या पायाशी, ढोलक मांडीवर घेऊन. आमच्या तालुक्याचं मालेगाव सोडून केनवडच्या बाजूला लागलो की हळूहळू उजाडायचं. हिवाळ्यात दोन्हीकडची शेतं धुक्यात बुडालेली असायची, फक्त तुरीचे शेंडे वर दिसायचे, आणि आपण रस्त्यावर आहोत की पाण्यावर, हे अर्धवट झोपेत मला कळायचं नाही.

झोपेत ती गुणगुणायची. शब्द नसायचे. कधी थोड्या वेळापूर्वी म्हटलेल्या गाण्याची चाल असायची, कधी अशी एखादी, जी आमच्यापैकी कुणीच ऐकलेली नसायची. पुढं बसलेले काका मान वळवून विचारायचे, "हे कोन्तं गानं व्हय गा?"

"तिले उठल्यावर इचारा," मी म्हणायचो.

उठल्यावर तिला काही आठवायचं नाही.

काका म्हणजे माझे चुलते. पार्टी त्यांनीच उभी केली. बेंजो वाजवायचे आणि गाडीही त्यांचीच. आमच्या घरात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेनंतर जी पहिली पिढी जन्मली त्यातले ते. त्यांच्या लहानपणी वस्तीत गाणं म्हणजे विहारातली वंदना आणि जयंतीची मिरवणूक, बस. त्यांनी त्यातून गायन पार्टी काढली. एप्रिल लागला की आम्ही घरी नसायचोच. जयंतीचे कार्यक्रम थेट जूनपर्यंत चालायचे, मग लग्नं, नामकरणं, पावसाळ्यात विहारांतले कार्यक्रम. बाकीच्या दिवसांत मी माझ्या सोयाबीनमध्ये. कार्यक्रमाला बोलावणारे सगळ्या समाजांतले असत. एखाद्या पाटलाच्या घरी नातवाचं बारसं असलं तरी आमचीच पार्टी. काका म्हणायचे, "गानं आयकाले कान लागते, बाकी काई नाई."

बायको आमच्याच तालुक्यातल्या शिरपूरकडची. तिच्या गावच्या विहारात ती लहानपणापासून वंदना म्हणायची. एका लग्नात आमची गायिका तापानं पडली आणि तिथल्याच कुणीतरी या मुलीला पुढं केलं. दुपारची वेळ होती. मांडवाच्या पिवळ्या कापडातून ऊन गाळून खाली येत होतं, सगळ्यांचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसत होते. मी तिला ओळखत नव्हतो, तिच्या गाण्याची पट्टीही माहीत नव्हती. कडवं संपलं की ढोलक क्षणभर थांबतो, गाणारा पुन्हा धृपद उचलतो, आणि नेमकी त्याच जागी थाप पडावी लागते. नवीन गायकाबरोबर तिथं हमखास चुकायला होतं. पण ही मुलगी उचलायच्या आधी नाकानं एक बारीक श्वास घ्यायची. माइकमधून तो ऐकू यायचा, कोरडं पान जमिनीवर सरकावं तेवढाच. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्या हातानं तो श्वास धरला. मी ठरवलं नव्हतं, हातानंच धरला.

संध्याकाळी काका मला म्हणाले, "पोरगी तालाची पक्की हाय."

मी म्हणालो, "हाय."

"मंग जाऊ का त्याईच्या घरी?"

मी ढोलकाची वादी आवळत बसलो. काकांना तेवढं पुरलं.

लग्नानंतर किती गावं झाली ते सांगता येणार नाही. मला ती गावं वेगवेगळी आठवतच नाहीत. सगळी मिळून एकच मोठं गाव झालंय, त्यात एकच शामियाना, एकच निळी पताकांची रांग आणि संध्याकाळच्या उजेडात उडणारी एकच धूळ. मुलगी झाली तेव्हा काही महिने खंड पडला तेवढाच. मुलगी माझ्या मायजवळ राहायला शिकली आणि आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो.

मग कारंज्याला बाजार समितीच्या मागच्या मैदानात एक कार्यक्रम झाला. कुणीतरी मोबाइलवर तिचं एक गाणं टिपलं आणि पुढं पाठवलं. ते कुठून कुठं गेलं कोण जाणे, पण पंधरवड्यात पुण्याला राहणाऱ्या माझ्या साळ्यानं ते आम्हालाच पाठवलं, "पाय, ताई किती फेमस झाली!" त्यानंतर एका दुपारी तिला फोन आला. मी शेजारी बसून शेंगा फोडत होतो. पलीकडून एक बाई गोड आवाजात काहीतरी सांगत होती.

बायको म्हणाली, "आमाले कोन्ती लॉटरी नाई लागली. ठेवा फोन."

पुन्हा फोन आला. "आवो बाई, मी नंबर-बिंबर काई सांगत नसते. दुसऱ्याले फसवा."

तिसऱ्यांदा काकांनी फोन घेतला. ऐकता ऐकता ते उभे राहिले. मग फोन छातीशी धरून हळूच म्हणाले, "अवं, टीव्हीवाले होत. गान्याच्या कार्यक्रमाले बलावून राह्यले तुले."

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी हातातल्या शेंगेकडे पाहत राहिलो. मला आनंद झाला होता, हे खरं. पण ती शेंग मी फोडलीच नाही, तशीच टोपलीत टाकली.

निवड नागपूरला होती. एका कॉलेजच्या इमारतीत जिन्यापासून फाटकापर्यंत गाणारी मुलं बसलेली. प्रत्येकाच्या छातीवर नंबर चिकटवलेला, आणि प्रत्येकजण डोळे मिटून स्वतःशीच गात होता. एवढी माणसं एवढ्या हळू आवाजात एकाच वेळी गाताना मी कधी ऐकली नव्हती. मी ढोलक घेऊन गेलो होतो. दारावरचा माणूस म्हणाला, "वादक आत नाही. आमचे वादक आहेत." ती एकटी आत गेली. दार बंद झालं. दारातून तिचा आवाज येत होता, पण जाड, उशीतून यावा तसा. मी जिन्याखाली बसून गुडघ्यावर ठेका धरला.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. "घेतलं म्हनतेत," ती म्हणाली. आणि मग, "चाय पिऊ कुठीतरी."

मुंबईला जायच्या आधी कॅमेरावाले गावात आले. तिच्या घरची छोटी फिल्म करायची होती. त्यांची प्रमुख एक तरुण मुलगी होती, उन्हाळ्यातही काळे कपडे घातलेली, गळ्यात ओळखपत्र, सतत फोनवर. मे महिना होता. तिनं घर पाहिलं, अंगण पाहिलं आणि माझ्या मायला म्हणाली, "आई, तुम्ही डोक्यावर हंडा घेऊन लांबून चालत याल का?"

माय म्हणाली, "नळ येते ना घरात. हंडा कायले आनू?"

"फक्त दाखवायला, आई."

माय तयार झाली, पण वस्तीत कुणाकडे हंडा निघेना. प्लास्टिकचे कॅन होते, ते त्या मुलीला चालेनात. शेवटी एका घरी लग्नात आलेला तांब्याचा हंडा सापडला, त्याच्या गळ्यात अजून आहेराची लाल रिबन होती. माय आत जाऊन ठेवणीतलं लुगडं नेसून आली. तो हंडा डोक्यावर घेऊन ती अशी काही चालली की बघणाऱ्याला वाटावं, मिरवणूक निघाली आहे. कॅमेरावाला हसून हसून खाली बसला. ती मुलगीही हसली, आणि हसता हसताच तिला चक्कर आली.

तिला आत आणून कूलरसमोर झोपवलं. अंग तापलं होतं. मायनं तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, कांदा फोडून तिच्या तळपायाला चोळला. बायको तिच्या उशाशी बसली. मग कुणाला काही काम उरलं नाही. कॅमेरावाला निंबाखाली झोपला, आवाज टिपणारा कानावरची टोपणं न काढताच भिंतीला टेकून झोपला, त्यांचा ड्रायव्हर गाडीत, काका ओट्यावर. अंगणात तिपाईवर कॅमेरा एकटाच उभा होता. कुणीतरी त्याच्यावर मायचं धुतलेलं लुगडं टाकलं होतं, ऊन लागू नये म्हणून. कूलरची घरघर चालू होती आणि बाहेर कुठंतरी होला घुमत होता. मी उंबऱ्यात बसून त्या सगळ्या झोपलेल्या माणसांकडे पाहत होतो आणि मला वाटत होतं, हे सगळे आपल्याच गाडीतले आहेत. कुठूनतरी कार्यक्रम करून आलोत, आता जरा वेळानं गाव येईल.

ती मुलगी उन्हं उतरल्यावर उठली. काही वेळ तिला आपण कुठं आहोत ते समजेना. मग म्हणाली, "मी किती महिन्यांनी दिवसा झोपले." तिचं घर रत्नागिरीकडं होतं. दिवाळीलाही जाणं झालं नव्हतं, ती म्हणाली. मायनं तिला ज्वारीची भाकर आणि ताक दिलं. जाताना ती मायच्या पाया पडली, आणि हंड्याचा शॉट वापरणार नाही म्हणाली. तिनं शब्द पाळला. टीव्हीवर माय दिसली ती भाकर थापताना, मजेत काहीतरी बोलताना.

मालेगावच्या थांब्यावर मी बायकोला ट्रॅव्हल्समध्ये बसवून दिलं. मुलगी तिच्या कडेवरून उतरेना. शेवटी कंडक्टरनं हाक मारल्यावर तिनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "मी नसतानी ढोलक उन्हात ठेवत जाऊ नका." बस लांब जाईपर्यंत मुलगी हात हलवत राहिली. बस दिसेनाशी झाली, तरी तिचा हात हलतच होता.

पुढचे महिने मला स्वप्नासारखे आठवतात. खरं तर त्या दिवसांत आमच्या घरात दोन बायका होत्या. एक फोनवरची आणि एक टीव्हीवरची. टीव्हीवर जे दिसायचं ते कित्येक दिवस आधीच टिपलेलं असायचं, आणि पुढं काय झालं ते घरच्यांनाही सांगायचं नाही असं त्यांनी तिच्याकडून लिहून घेतलं होतं. विहाराच्या सभागृहात मोठा पडदा लावून सगळी वस्ती कार्यक्रम बघायची. पडद्यावर ती रडत असायची, आता आपण बाहेर जाणार म्हणून, आणि दुपारीच माझ्याशी फोनवर बोलताना ती खिदळलेली असायची. मुलगी पडद्याजवळ जाऊन म्हणायची, "मम्मी, इकडं पाय ना." पडद्यावरची भलतीकडेच पाहायची.

फोनवर ती हॉटेलचं सांगायची. खिडकी उघडत नाही. खोलीत सारखी थंडी. जन्मभर पंख्याखाली झोपलेली ही बाई, तिनं पहिल्या दिवशी गार हवेच्या जाळीत आपली ओढणीच कोंबली. सकाळी सगळ्या खोल्यांमधून रियाज सुरू होतो, मग लांब गालिच्याच्या बोळातून चालताना प्रत्येक दारातून वेगळा सूर. "असं वाटते का झाडीतून चालून राह्यली," ती म्हणाली. दिवस कोणता हे तिला समजत नसे. मंचावर दुपारीही रात्रीचेच दिवे.

पहिल्यांदा तिला पडद्यावर ऐकलं त्या दिवशी वस्तीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र मधेच कुठंतरी अडखळलो होतो. कडवं संपलं, तिनं धृपद उचललं आणि माझा हात मांडीवर उशिरा पडला. पुन्हा तसंच. घरी येऊन मोबाइलवर मी ते गाणं परत ऐकलं, कान लावून. तो श्वास नव्हता. जिथं तो असायचा तिथं अगदी स्वच्छ, गुळगुळीत शांतता होती.

मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "त्याईच्या मशीनवर काढून टाकते थो. आवाज खराब होते म्हने त्यानं."

"कोनाचा?"

ती म्हणाली, "आता तं मले घेऊच देत नाई. शिकवाले एक सर हायेत. पोटातून घ्या, आवाज नको, म्हनतेत. जमून राह्यलं मले आता."

तिला ते जमत होतं याचा तिला अभिमान वाटत होता. आणि का वाटू नये? रोज शिकायला मिळत होतं. आमच्या पार्टीत तिला कोण शिकवणार होतं? मी म्हणालो, "चांगलं हाय." आणि खरंच तसंच वाटलं मला, निदान फोन ठेवेपर्यंत.

मग गायकांच्या घरच्यांना मंचावर बोलवायचा भाग आला. ती रत्नागिरीची मुलगी फोनवर म्हणाली, "दादा, तुम्हाला यायचंय. पण ताईंना सांगायचं नाही. सरप्राइज आहे." मुलीला काकांच्या घरी ठेवून मी आणि माय समृद्धी महामार्गानं निघालो. शेलूबाजारजवळ चढलो तेव्हा सकाळ होती. त्या रस्त्याला गावंच नाहीत. दोन्ही बाजूंना कुंपण, पलीकडे आपलीच शेतं, पण उंचावरून, कुणा दुसऱ्याची असल्यासारखी. मायला झोप लागली आणि मी सबंध वाट डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखा बसलो.

तो मंच असतो ती जागा म्हणजे एक भलंमोठं गोदाम. बाहेर ऊन, आत अंधार आणि बर्फासारखी थंडी. मायनं पदर डोक्यावरून लपेटून घेतला. बसलेल्या लोकांना एक माणूस टाळ्या वाजवायला शिकवत होता. मंचावर कुणी नव्हतं. तो म्हणे, "आता खूप आवडलंय," की सगळे उभे राहून टाळ्या वाजवायचे. "आता डोळे पुसा," की पुसायचे. ते टिपून ठेवत होते, नंतर लागेल तिथं जोडायला. मायही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. तिनं मला विचारलं, "कोन गायलं रे?"

मला हिरवा झब्बा घातला, गालाला पावडर लावली. ती मुलगी म्हणाली, "दादा, ताई गायला लागल्या की तुम्ही मागून यायचं. ढोलक गळ्यात. पण वाजवायचा नाही हं. नुसते हात हलवायचे. आवाज आमच्या वादकांचा."

मी म्हणालो, "बरं."

दिवे लागले. लांबून मला ती पाठमोरी दिसली. निळ्या साडीत होती, केस मोकळे. इतक्या महिन्यांनी पाहत होतो, पण ती आमच्या घरातली वाटेना, कुणाच्या तरी लग्नातली वाटत होती. त्यांनी मला हलकेच पुढं ढकललं. लोक टाळ्या वाजवायला लागले, ती वळली. सगळ्यांना वाटलं होतं ती रडेल. तिनं मला पाहिलं, झब्बा पाहिला, पावडर पाहिली, आणि ती हसत सुटली. माइकमध्ये तिचं हसू घुमत राहिलं. परीक्षकही हसले.

गाणं सुरू झालं. जयंतीचंच गाणं होतं, आमचं. मी हात हवेत हलवत होतो, कातड्याला लागू न देता. किती अवघड असतं ते! बाजूच्या वादकांचा ठेका चांगला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या घरातून यावा तसा येत होता. कडवं संपलं आणि माझ्या हातानं सवयीनं थाप मारली. एकच. माइक नसलेली, कोरडी थाप.

"कट. दादा, वाजवायचं नाही."

पुन्हा सुरू. यावेळी मी हात घट्ट आवळून धरले. कडवं संपलं. तिनं धृपद उचललंच नाही. वादक थांबले. अंधारातून कुणीतरी विचारलं, "काय झालं?"

ती माइकमध्ये म्हणाली, "सर, यायले वाजवू द्या. हे असे मुके राह्यले तं मले उचलता नाई येत."

अंधारात थोडी कुजबुज झाली. मग त्यांचा ढोलक वाजवणारा, पांढऱ्या दाढीचा माणूस, आपला माइक उचलून माझ्यापुढं आणून ठेवून गेला. जाताना माझ्या ढोलकाच्या पुडीच्या कातड्यावर त्यानं बोट फिरवलं आणि म्हणाला, "अच्छी चढ़ाई है." मग आम्ही ते गाणं पूर्ण वाजवलं. मी खाली पुडीकडे पाहत होतो, त्यामुळे लोकांचं काय चाललं होतं मला माहीत नाही. हातांना घाम फुटला होता त्या थंडीतही. काही ठिकाणी मी चुकलो. तिचा तो श्वास खरोखरच गेला होता, अंदाजानं वाजवावं लागत होतं.

त्याच दिवशी ती बाहेर पडली. मतं कमी पडली, म्हणाले. आम्हाला मागच्या खोलीत बसवलं होतं. बाकीच्या मुली तिच्या गळ्यात पडून हमसून रडत होत्या आणि ती एकेकीच्या पाठीवरून हात फिरवत होती. सगळ्या गेल्यावर तिनं पिना काढून टेबलावर ठेवल्या, केस वर बांधले आणि मायला म्हणाली, "आई, भाकर आनली का हो?" मायनं पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकर आणि ठेचा काढला. निळ्या साडीवर सांडू नये म्हणून गळ्याला टॉवेल लावून ती जेवली.

"वाईट वाटलं का?" मी विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "फायनलले जावं वाटत होतं मले."

येताना बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून झोपली. गुणगुणली नाही.

गावात बँड लावून स्वागत झालं. त्यानंतर कार्यक्रमांना तोटा नव्हता. पत्रिकेवर तिचा फोटो आमच्या सगळ्यांपेक्षा मोठा छापला जाऊ लागला. बायका तिच्यासोबत फोटो काढून घ्यायला स्टेजवर चढायच्या. आणि मी रोज चुकायला लागलो. काका बेंजोवरून डोळे वटारायचे. शिरपूरला, तिच्या माहेरच्या लोकांसमोर, संध्याकाळच्या कार्यक्रमात मी एका गाण्यात इतका चुकलो की तिला हसून सांभाळून घ्यावं लागलं. खाली उतरल्यावर ती भडकली.

"कुठी ध्यान हाय तुमचं? का आता माह्यासंग वाजवनं नाई होत?"

"तुहा श्वास आयकू नाई येत," मी म्हणालो.

"श्वासाचं काय लागते तुमाले?"

तेव्हा मला समजलं की मी त्या श्वासावर थाप धरतो, हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंही वाटलं नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं, त्या मांडवापासून. ती शामियान्याच्या दोरीला धरून उभी राहिली, ऐकत. तिच्या माहेरची माणसं चहा घेऊन आली, तिनं खुणेनंच त्यांना थांबवलं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना तिनं करून पाहिलं. नाकानं श्वास घेतला, पण तो मुद्दाम घेतलेला होता, जोरात. हाताला तो ओळखू येईना. पुन्हा केलं. आपण चालतो कसं याचा विचार करायला लागलं की पाय अडखळतात, तसं व्हायला लागलं. शेवटी तिचं तिलाच हसू आलं आणि मिरचीची धूळ नाकात जाऊन शिंका सुरू झाल्या. "नाई होत आता," ती डोळे पुसत म्हणाली. "गेला थो."

काही दिवस आम्ही तसेच वाजवत राहिलो. मग एका बारशात, भर दुपारी, कडवं संपलं आणि ती गायची थांबून माझ्याकडे वळली. नुसतं पाहिलं. मी वर पाहिलं. तिनं भुवई उचलली आणि धृपद उचललं. थाप बरोबर जागेवर पडली. आम्ही दोघंही इतके दचकलो की पुढची ओळ तिनं हसत हसत म्हटली. तोपर्यंत स्टेजवर आम्ही कधी एकमेकांकडे पाहिलंच नव्हतं. मी खाली वादीकडे पाहायचो आणि ती समोर लोकांकडे. आता प्रत्येक धृपदाच्या आधी ती वळते. समोर बसलेल्या पोरांना वाटतं, ही नवराबायकोची अदा आहे. ती शिट्ट्या मारतात. काका म्हणतात, "या वयात शोभत नाई," पण त्यांनी बेंजो जरा तिरका ठेवायला सुरुवात केली आहे, म्हणजे मधे येऊ नये.

मागच्या महिन्यात त्या रत्नागिरीच्या मुलीचा फोन आला. आता ती दुसऱ्या वाहिनीवर आहे, जोडप्यांचा काहीतरी कार्यक्रम काढत आहेत. गाणारी, वाजवणारी, नाचणारी जोडपी. आम्ही दोघांनी यावं असं तिला वाटतं. मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती अंगणात मुलीची वेणी घालत होती, दातात रिबन धरलेली.

"जाऊ ना," ती रिबन काढून म्हणाली. "काहून नाई? आई हायेत पोरीपाशी. आन तठी सकाळचा नाश्ता लय भारी रायते, तुमी पायसान. एका टेबलावर नुसते फळंच फळं."

"आन लोकं? पार्टी?"

"काका सांभायतीन. आपन काय जलमभर थोडी जाऊन राह्यलो." मग मुलीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "हालू नको गं."

सोयाबीन काढून झालं की जायचं ठरलं आहे. मायनं आत्ताच मला बजावलं आहे की यावेळी ती काही येणार नाही, तिथं फार थंडी वाजते.